वही कुठं मिटली? जमिनीखालचा एकांत आणि घरी परतलेली माणसं

मागच्या पोस्टनंतर हदगावहून, म्हणजे माझ्याच गावाहून, पेटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा निरोप आला. "ताई, जैविक घड्याळावर एवढं काम झालंय, २०१७ ला नोबेलसुद्धा मिळालं. आता आपण गॅप कुठं शोधायचा?"

प्रश्न बरोबर आहे. पहिल्या वर्षी मलाही हाच पडला होता. तेव्हा माझ्या गाईडनी एक सवय लावली: पेपर हातात आला की निष्कर्षाकडं पळायचं नाही. लेखकानं मोजमाप कोणत्या दिवशी थांबवलं आणि त्याच दिवशी का थांबवलं, हे आधी बघायचं. बऱ्याचदा कारण शास्त्रीय नसतं. पैसे संपलेले असतात, सुट्टी लागलेली असते, किंवा पुढचं मोजणं अवघड असतं म्हणून सोडून दिलेलं असतं.

या नजरेनं आज एक विषय घेते. गुहा, बंकर, खाण, बोगदा अशा ठिकाणी जमिनीखाली बरेच दिवस राहून वर आलेली माणसं. माझी तक्रार आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्हाला ती तपासता येईल. माणूस आत असेपर्यंत त्याचं सगळं मोजलं जातं. झोप, ताप, लघवी, दाढीची वाढसुद्धा. तो बाहेर येऊन घरी गेला की वही मिटते. घरातल्यांचं काम मात्र त्याच दिवशी सुरू होतं, आणि त्याची नोंद बहुतेक वेळा वर्तमानपत्रांच्या नाहीतर सिनेमावाल्यांच्या वाट्याला येते.

सुरुवात मिशेल सिफ्रपासून करावी लागते. हा फ्रेंच भूवैज्ञानिक, वय वर्षं २३. १६ जुलै १९६२ ला तो आल्प्समधल्या स्कारासॉन गुहेत सुमारे १३० मीटर खाली उतरला आणि जमिनीखालच्या हिमनदीशेजारी तंबू ठोकून राहिला. सोबत घड्याळ नाही. उठलो, जेवलो, झोपायला चाललो, एवढं वर फोनवर कळवायचं. वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही. १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचं कळवलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट चालू होता. पंचवीस दिवस गायब! एकदा त्यानं सेकंदाला एक या गतीनं १ ते १२० आकडे मोजले. दोन मिनिटं व्हायला हवी होती, झाली पाच.

हा प्रयोग मला मनापासून आवडतो. त्यातली गोष्ट छान आहे, पण त्याहून रचना साधी आहे म्हणून. एक प्रश्न, एक माणूस, एक फोन. त्याच्या मर्यादाही उघड आहेत: प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो एकच, सॅम्पल एक, कंट्रोल शून्य. तरीही माणसाच्या शरीरात दिवस मोजणारी यंत्रणा आहे आणि ती आपल्या 'मला वाटतं' या हिशेबापेक्षा खूप बरी चालते, हे त्यातून दिसलं. सिफ्रला दिवस कमी वाटले, पण त्याचं झोपणं-उठणं बऱ्यापैकी चोवीस तासांच्या आसपासच होतं.

१९७२ मध्ये तो टेक्सासमधल्या 'मिडनाइट केव्ह'मध्ये सहा महिन्यांहून जास्त राहिला. या वेळी नासाचा पाठिंबा होता, अंगाला इलेक्ट्रोड होते, भरपूर आकडे निघाले. आत असताना तो इतका खचला की एका उंदराशी दोस्ती करायला निघाला, आणि त्याला भांड्याखाली पकडताना चुकून तो उंदीर मेला. हे सगळं नोंदलेलं आहे. बाहेर आल्यानंतर स्मरणशक्तीचा त्रास झाला, पैशाचं ओझं डोक्यावर बसलं, हे मात्र मुलाखतींमधून कळतं. तक्त्यात त्याला रकाना नाही.

वेरोनिक ल ग्वेन या फ्रेंच गुहासंशोधक बाईंचं उदाहरण याहून अवघड आहे. १९८८ मध्ये त्या १११ दिवस एकट्या गुहेत राहिल्या. १९९० च्या जानेवारीत त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. हे वाचल्यावर मनात जो निष्कर्ष लगेच उभा राहतो तिथंच थांबा. एका माणसावरून कारण सिद्ध होत नाही. गुहेत जाण्याआधीचं त्यांचं मन कुणी मोजलेलं नव्हतं आणि नंतरचंही नाही. पण 'कारण सिद्ध होत नाही' हे वाक्य लिहून मोकळं होणं मला पटत नाही. सिद्ध होत नाही, कारण बाहेर आल्यानंतरचे ते चौदा महिने कुठल्याच वहीत नाहीत. हा निसर्गाचा दोष नाही, प्रयोगाच्या आखणीचा आहे.

आता बंकर. हा भाग संशोधनात उतरणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण इथं एक मोठी चूक जवळजवळ पस्तीस वर्षं टिकली.

जर्मनीत अँडेक्स गावी युर्गेन अशोफ आणि रुटगर वेवर यांनी १९६० च्या दशकात एक भूमिगत बंकर बांधून घेतला. घरासारखा: पलंग, छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर. बाहेरचा उजेड नाही, आवाज नाही. पुढच्या सुमारे पंचवीस वर्षांत चारशेहून जास्त माणसं त्यात काही आठवडे राहून गेली. सिफ्रच्या एकाच्या जागी चारशे! निष्कर्ष असा निघाला की बाहेरचा इशारा नसेल तर माणसाचा दिवस साधारण २५ तासांचा होतो. हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला. मी बी.एस्सी.ला असताना परीक्षेत तोच लिहिला होता आणि मार्कही मिळाले होते.

मग १९९९ मध्ये चार्ल्स झाइझलर आणि सहकाऱ्यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी दाखवलं की बंकरमधल्या माणसांना एक गोष्ट करू दिली होती, ती म्हणजे दिवा स्वतः लावणं आणि मालवणं. रात्री उशिरापर्यंत दिवा जळला की शरीराचं घड्याळ पुढं ढकललं जातं. म्हणजे ज्या उजेडाचा परिणाम काढून टाकायचा होता, त्याचंच बटण माणसाच्या हातात दिलेलं. झाइझलर यांनी मंद उजेडात २४ जणांना २८ तासांच्या कृत्रिम दिवसावर ठेवलं. एवढ्या लांब दिवसाशी शरीर जुळवून घेऊ शकत नाही, त्यामुळं ते आपली खरी लय दाखवायला लागतं. आकडा आला २४ तास ११ मिनिटं. तरुण आणि वयस्कर दोघांतही जवळपास तोच.

चारशे माणसांचा डेटा चोवीस माणसांच्या डेटानं मागं सारला. 'सॅम्पल वाढवा' हा सल्ला व्हायव्हात सगळ्यांना मिळतो, पण दिव्याचं बटण चुकीच्या हातात असेल तर सॅम्पल वाढवून चूकच मोठी होते.

आपल्याकडंही असा बंकर होता हे फार जणांना माहीत नसतं. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि जी. मारिमुथू यांच्या गटानं माणसांना समाजापासून आणि वेळेपासून तोडून ठेवण्याची सोय उभी केली. १९९० च्या दशकात त्यावर चांगले पेपर आले. त्यांतला एक मला विशेष आवडतो. आतल्या माणसानं 'एक तास झाला' असं वाटलं की कळवायचं. जागेपणाचा काळ लांबला की त्याचा 'एक तास'ही तेवढ्याच प्रमाणात लांबायचा. अशोफना जर्मनीत हेच दिसलं होतं. म्हणजे सिफ्रची गायब झालेली पंधरवड्याहून जास्त मुदत ही त्याच्या एकट्याची विस्मृती नव्हती, आपल्या सगळ्यांच्या आत बसलेला तो हिशेबच तसा आहे. परदेशी पेपरांच्या गर्दीत हे काम उल्लेखाशिवाय राहतं. तुमच्या रिव्ह्यूमध्ये ते घ्या.

तर सिफ्र झाला, बंकर झाले. या सगळ्यांत समान काय? एकक एकच माणूस आहे. सुटा माणूस. अशोफनीच 'त्साइटगेबर' हा शब्द रूढ केला, म्हणजे वेळ देणारा, शरीराला वेळ सांगणारा बाहेरचा इशारा. सूर्य सगळ्यात मोठा. पण घरातली माणसंसुद्धा एकमेकांना वेळ देत असतात, आणि बंकरच्या दारात त्यांनाच आधी बाहेर ठेवलेलं असतं. प्रयोगासाठी ते बरोबरच आहे. अडचण पुढं होते. प्रयोगासाठी माणूस सुटा केला होता, हे बाहेर आल्यावरही आपण विसरून जातो.

थोडं घरचं सांगते. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गळीत हंगाम सुरू झाला की आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांचं घर दिवसा झोपायचं. खिडकीला गोधडी, कुकरची शिट्टी दुपारी दोनच्या आत नाही, आम्ही लेकरं शेजारच्या ओट्यावर. वडिलांच्या झोपेचं गणित पाच माणसांच्या दिवसात मिसळलेलं होतं. पाळीत काम करणाऱ्यांवरचे पेपर वाचताना मी आजही त्यात ती गोधडी शोधते. ती नसते. कामगार असतो, त्याचं वय, त्याचं कॉर्टिसॉल, त्याची झोप. शिट्टी दाबून धरणारी बाई कुठंच नसते.

म्हणून मी 'सगळं कुटुंबच जमिनीखाली राहिलं' असं एखादं खरं उदाहरण शोधायला लागले. महाराष्ट्रात नाही मिळालं. मिळालं ते युक्रेनच्या पश्चिम भागात.

१९४२ च्या शरद ऋतूत, नाझींच्या ताब्यातल्या कोरोलिव्का गावातली काही ज्यू कुटुंबं वेर्तेबा नावाच्या गुहेत लपली. ती जागा उघड झाल्यावर १९४३ च्या मे महिन्यात ती 'पाद्र्याची गुहा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या, जिप्समच्या गुहेत उतरली. तान्हेपण नुकतंच संपलेल्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजीपर्यंत ३८ जण. शेवटचे सलग ३४४ दिवस तिथंच. पुरुष रात्री बाहेर पडून धान्य आणि सरपण आणायचे. बायका-मुलांपैकी बऱ्याच जणांनी त्या काळात सूर्य पाहिलाच नाही. दिवा दिवसातून थोडाच वेळ लावायचा. बाकी वेळ अंधार आणि झोप. आत दळायला जातं होतं. १९९३ मध्ये ख्रिस निकोला हा अमेरिकन गुहासंशोधक तिथं गेला तेव्हा त्याला जुने बूट, बटणं अशा वस्तू सापडल्या, आणि ती माणसं कोण हे शोधायला त्याला पुढची दहाएक वर्षं लागली. २०१२ मध्ये जॅनेट टोबायस या दिग्दर्शिकेचा 'नो प्लेस ऑन अर्थ' हा माहितीपट त्यावर आला. घरातली मोठी बाई, एस्थर स्टेर्मर, यांनी आठवणीही लिहून ठेवल्या होत्या.

माहितीपट जरूर बघा. ऐंशी-नव्वदीतली भावंडं कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात, ते ऐकण्यासारखं आहे. पण तुम्ही संशोधक म्हणून बघणार असाल तर तीन गोष्टींवर अडा.

पहिली उजेडाची. गुहेतले प्रसंग नटांकडून करवून घेतलेत आणि ते मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात छान दिसतात. पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, हे मला कळतं. पण त्या लोकांचा बहुतेक दिवस काहीही न दिसण्याचा होता. माझ्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे अंधार, तीच पडद्यावर येऊ शकत नाही. प्रेक्षक थंडी, भूक आणि भीती घेऊन उठतो, अंधार घेऊन उठत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त रुचते, पण चित्रपटाला ती फारशी महत्त्वाची वाटलेली नाही. सिफ्रचे पंचवीस दिवस हरवले. या लोकांनी वर्षभर तारखेचा हिशेब सांभाळला, सणवार पाळले. का? रात्री बाहेर जाणाऱ्यांना चंद्र दिसत होता हे एक कारण. पण आतसुद्धा कामं वाटलेली होती. कुणी दळायचं, कुणी शिजवायचं, कुणी पाणी धरायचं, कधी काय करायचं हे ठरवणारी एक आई होती. कुटुंब हेच त्यांचं घड्याळ झालं होतं असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. हा प्रयोग नव्हता. पण प्रश्न म्हणून वहीत टिपून ठेवायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माझी मूळ तक्रार. १९४४ च्या एप्रिलमध्ये एका ओळखीच्या गावकऱ्यानं बाटलीत चिठ्ठी घालून खाली टाकली, जर्मन गेले म्हणून. ते तरीही काही दिवस थांबले आणि १२ एप्रिलला वर आले. या कुटुंबांबद्दल जे लिहिलं गेलं त्यात एक प्रसंग हमखास येतो: चार-पाच वर्षांची एक मुलगी उन्हात डोळे मिटून आईला म्हणाली, तो दिवा विझव. तिला सूर्य आठवतच नव्हता. इथं वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि गोष्ट संपते. मला पुढचं हवं होतं. त्या रात्री ती कधी झोपली? किती दिवस ती भर दुपारी आत पळत होती? आईचे स्वतःचे डोळे दिपलेले असताना तिनं मुलीला उजेडाची सवय कशी लावली? २०१० मध्ये त्यातली काही माणसं नातवंडांना घेऊन त्या गुहेत परत गेली, कॅमेरा सोबत होता. साक्षीदार समोर होते, बोलायला तयार होते. विचारलं गेलं ते बहुतेक आतलंच. बाहेरची सहासष्ट वर्षं घाईत उरकली.

'परतणं' हा शब्दही इथं तपासून घ्यावा लागतो. त्यांच्या घरात दुसरी माणसं होती, नातेवाईक मारले गेले होते, युद्ध अजून चालूच होतं. पुढं विस्थापितांची छावणी, मग कॅनडा आणि अमेरिका. त्यांची झोप बिघडली असेल तर ती अंधारामुळं, भीतीमुळं, उपासमारीमुळं की मेलेल्या माणसांमुळं? हे धागे वेगळे काढता येत नाहीत. निव्वळ गुहेचा परिणाम बघायला हे उदाहरण निरुपयोगी आहे. पण खऱ्या आयुष्यात जमिनीखाली अडकलेलं कुठलंही कुटुंब असंच सगळं एकदम घेऊन वर येणार, मग निव्वळ परिणाम मोजून आपण नेमकं कुणाला उपयोगी पडतो, हाही प्रश्न आहेच.

परतण्यावर काहीच संशोधन नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एक जुना पेपर आहे, १९६८ चा, रिचर्ड इसे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचा. पाणबुडी जमिनीखाली नसते, पाण्याखाली असते. पण ऊन नाही, घरचा संपर्क जवळजवळ नाही, आणि महिने-दोन महिन्यांनी माणूस घरी येतो, हे सगळं जुळतं. इसे यांना दिसलं की खलाशांच्या बायका उदास होऊन दवाखान्यात यायच्या त्या नवरा गेल्यावर नव्हे, तर परत येण्याच्या सुमारास. केवढं चांगलं निरीक्षण! तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष वियोगाकडं होतं. नवरा नसताना त्या बाईनं घर एकटीच्या हिंमतीवर उभं केलेलं असतं: बँक, मुलांची शाळा, कधी उठायचं, कधी जेवायचं. तो येतो आणि पुन्हा कर्ता होऊ बघतो.

आणि मग या पेपरला नाव काय दिलं? 'पाणबुडीवाल्यांच्या बायकांचा सिंड्रोम.' साठ दिवस सूर्य न बघितलेला माणूस घरात आला, सगळ्या घराची घडी विस्कटली, आणि आजार निघाला बायकोला. दवाखान्यात ती आली म्हणून तिचीच नोंद झाली. नवरा तपासला नाही, मुलं तपासली नाहीत, दवाखान्यात न आलेल्या बायका तर हिशेबातच नाहीत. निवडीतली चूक पुस्तकात वाचून समजत नसेल तर हा पेपर वाचा. साठ वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या मापानं झोडपणं सोपं असतं, ते मी टाळते आहे. पण नाव देताना आपण दुखणं कुणाच्या अंगावर टाकतो, याकडं आपल्यापैकी कितीजण बघतात?

अलीकडच्या घटना भरभर घेते. चिलीच्या सॅन होजे खाणीत २०१० मध्ये ३३ कामगार ६९ दिवस अडकले. हेक्टर टोबार यांचं त्यावरचं पुस्तक निदान शेवटी तरी त्यांच्यासोबत घरी जातं: वाईट स्वप्नं, दारू, काम न मिळणं. एकाच्या घरी तो खाली असतानाच मुलगी जन्मली, नाव ठेवलं एस्पेरान्झा, म्हणजे आशा. तो वर आला तेव्हा ती महिन्याची होती. बाळाच्या आईची रात्र तोवर त्याच्याशिवाय बसलेली. नावाची बातमी जगभर गेली, रात्रीची कुणी विचारली नाही. २०१८ च्या थायलंडच्या गुहेतल्या बारा मुलांच्या आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या वेळी आपली वर्तमानपत्रं किर्लोस्करांच्या पंप-तज्ज्ञांच्या कौतुकानं भरली होती. अभिमान मलाही वाटला. मुलं घरी गेली, पंप थांबले, बातम्याही थांबल्या. उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, ४१ मजूर अडकले. आधी बारीक नळीतून सुकं खाणं, मग सहा इंची पाइपमधून खिचडी. सतराव्या दिवशी 'रॅट मायनर' म्हणवणाऱ्या माणसांनी हातानं शेवटचे काही मीटर खोदून वाट केली. सगळे ऋषिकेशच्या एम्समध्ये तपासले गेले, ठीक निघाले, घरी गेले. तपासणीचा कागद तिथंच संपतो.

आता कुणी म्हणेल, घरी गेलेल्या माणसाच्या मागं कशाला लागायचं? हा आक्षेप मला खरंच अडवतो. थायलंडमध्ये डॉक्टरांनी पत्रकारांचे प्रश्न आधी तपासून मगच मुलांना विचारू दिले, आणि नंतर त्यांना एकटं सोडा असं सांगितलं. ते योग्यच होतं. मोजणारा माणूस हाही घरातला पाहुणाच. त्याच्यासाठी चहा टाकावा लागतो, त्याच्यासमोर बरं असल्यासारखं बसावं लागतं.

पण परत जाऊन बघण्याची रीत आपल्या मराठवाड्यानंच पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. अभ्यासक तिथं घरं बांधून झाल्यावर थांबले नाहीत, वर्षांनंतर परत गेले. रुंद रस्ते, चौकोनी आखणी, पण जुनी गल्ली नाही. पक्क्या घराशेजारी लोकांनी आपापलं पत्र्याचं शेड टाकलेलं. त्या पत्र्याच्या शेडमधून जे कळतं ते घरांच्या संख्येतून कळत नाही. ते अभ्यास स्थापत्याचे आणि समाजशास्त्राचे आहेत, त्यात झोप नाही. पण हदगावातसुद्धा, एवढ्या लांब, त्या वर्षी लोक कित्येक रात्री अंगणात झोपले असं घरची माणसं सांगतात. २०२४ मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोलीकडं केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा आमच्या गल्लीत पुन्हा बाजा बाहेर आल्या. धक्का काही सेकंदांचा; आत झोपायला कोण कधी गेलं याचा हिशेब मात्र घरोघर वेगळा. म्हातारी माणसं आधी गेली. लहान लेकरांच्या आया सगळ्यांत शेवटी.

तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडं येते. गुहेत जायची गरज नाही. मनगटी ॲक्टिग्राफ आता विभागात मागून मिळतो. तो एका माणसाच्या हाताला बांधण्याऐवजी एका घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या हाताला बांधला, तर एकाची झोप सरकली की दुसऱ्याची किती सरकते हे दिसेल. आधीची नोंद मिळायला हवी, म्हणून अपघात निवडू नका. ज्याचा सुरू होण्याचा आणि संपण्याचा दिवस आधीच माहीत आहे असा एकांत निवडा. कोळसा खाणीतली पाळी, बोगद्याच्या कामावर सहा महिने जाणारा माणूस, किंवा साधा गळीत हंगाम. हंगाम संपतो त्या दिवशी मोजणं बंद करू नका, त्या दिवशी खरं सुरू करा. किती दिवस? मला वाटतं महिनाभर तरी. समितीत हा आकडा कुठून आणला असं विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

माझ्याकडं याचं एकच उत्तर आहे आणि ते समितीत चालणार नाही. मागच्या दिवाळीत आईला विचारलं, हंगाम संपल्यावर बाबांची झोप ताळ्यावर यायला किती दिवस लागायचे? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांचं चार-आठ दिवसांत व्हायचं. मला पंधरा-वीस लागायचे. शिट्टी झाली की दचकायचे मी."

एक व्यक्ती, आठवणीतला डेटा, कंट्रोल नाही. प्रस्तावात घालता येत नाही, म्हणून इथं लिहिलं. पुढच्या पोस्टमध्ये ॲक्टिग्राफचा कच्चा डेटा कसा वाचायचा आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं संमतीपत्र का घ्यावं लागतं, ते बघू. नवऱ्यानं सही केली म्हणजे घराची सही झाली, असं धरणारे फॉर्म अजूनही फिरतात. तुमच्या विभागातला फॉर्म तोवर काढून वाचून ठेवा.